कॉम्बो किटचा खरा हिशेब : पॉवर टूल्सच्या एकत्रित ऑफरमध्ये पैसे वाचतात का, हे कसं ओळखायचं

चार मशिनं, दोन बॅटऱ्या, एक चार्जर आणि वर एक पिशवी. खोक्यावर सुटीचा आकडा ठसठशीत छापलेला. असा संच समोर आला की मनात एकच बेरीज सुरू होते : हे सगळं सुटं घेतलं तर किती पडेल आणि इथे किती पडतंय. ही बेरीज विकणाऱ्याने आधीच आपल्यासाठी करून ठेवलेली असते. आपण करायची बेरीज वेगळी आहे. या खोक्यातलं काय काय आपण एरवीही घेतलं असतं, आणि तीच कामं दुसऱ्या वाटेने करायला किती खर्च आला असता, हे त्या बेरजेत यायला हवं.

माझ्या पहिल्या मोठ्या संचात पाच नग होते : ड्रिल, इम्पॅक्ट ड्रायव्हर (धक्के देत स्क्रू बसवणारं मशीन), ग्राइंडर, रेसिप्रोकेटिंग सॉ (मागेपुढे चालणाऱ्या पात्याची करवत) आणि टॉर्च. ड्रिल आणि ड्रायव्हर आजही सतत हाताशी असतात. सॉ दोन वर्षांत एकदाच बाहेर निघाली. ग्राइंडरने लोखंडी पट्टी कापायला घेतली की संचातल्या छोट्या बॅटऱ्या काही मिनिटांतच मान टाकायच्या. शेवटी मोठी बॅटरी वेगळी घ्यावी लागली आणि तिची किंमत धरली तेव्हा लक्षात आलं की मिळालेली सूट तिथेच संपली होती. पुढची पद्धत त्या अनुभवातून घडत गेली. दर वेळी ती ऑफरच्या विरोधातच निकाल देते असं नाही. काही संच खरोखर चांगले असतात आणि ते ओळखायलाही हीच पद्धत उपयोगी पडते.

पायरी १ : ऑफर बघण्याआधी कामांची यादी

हे ऑफर बघण्याआधीच करायचं. खोकं बघून यादी केली तर प्रत्येक मशिनासाठी काम सुचत जातं.

कागदावर दोन रकाने करा. पहिल्यात गेल्या वर्षभरात प्रत्यक्ष केलेली आणि येत्या वर्षात नक्की करायची कामं. दुसऱ्यात मनात असलेली, पण तारीख न ठरलेली कामं. पहिल्या रकान्यातल्या प्रत्येक कामापुढे तीन गोष्टी लिहा : कोणतं मशीन लागेल, किती वेळा, आणि सलग किती वेळ चालवावं लागेल. तिसरी गोष्ट लोक सोडून देतात, पण बॅटरीचा सगळा हिशेब तिच्यावरच उभा आहे.

मशीन लिहिताना नेमकं लिहा. "ड्रिल" एवढं पुरत नाही. लाकडात भोकं पाडायची आणि स्क्रू बसवायचे तर साधं ड्रिल-ड्रायव्हर चालतं. विटांच्या भिंतीसाठी हॅमर असलेलं, म्हणजे फिरता फिरता ठोके देणारं, ड्रिल लागतं. काँक्रीटमध्ये वारंवार भोकं पाडायची असतील तर ते हॅमर ड्रिलही कमी पडतं. तिथे एसडीएस बिटाचा (खाचा असलेल्या दांड्याच्या बिटाचा) रोटरी हॅमर हवा, त्याचे ठोके जास्त जोरदार असतात. स्वस्त संचांत बऱ्याचदा साधं, हॅमर नसलेलं ड्रिल असतं. तुमचं मुख्य काम काँक्रीटमधलं असेल तर त्या संचातल्या ड्रिलची तुमच्यापुरती किंमत जवळजवळ शून्य, मग खोक्यावर त्याच्यापुढे कितीही आकडा असो.

पायरी २ : बॅटरीकडे आधी बघा, मशिनांकडे नंतर

कॉर्डलेस, म्हणजे बॅटरीवर चालणाऱ्या, संचात नजर मशिनांवर जाते, पण पैशाच्या दृष्टीने खोक्यातला सगळ्यात मोठा भाग बहुधा बॅटऱ्या आणि चार्जर असतो. पुढची अनेक वर्षं कोणत्या कंपनीची मशिनं घ्यायची, हेही त्याच ठरवतात. एका कंपनीची बॅटरी दुसऱ्या कंपनीच्या मशिनात सहसा बसत नाही. पहिला संच आकर्षक भावात देऊन ग्राहक आपल्या बॅटरीशी बांधून घ्यायचा आणि नंतरची मशिनं पूर्ण भावात विकायची, हे कंपनीच्या फायद्याचं गणित आहे. आवळा देऊन कोहळा काढण्याचा प्रकार. यात फसवणूक नाही, पण पहिला संच घेताना आपण एक मोठा निर्णय घेतो आहोत याची जाणीव असायला हवी.

नाव एकच असलं तरी बॅटरी एकच असेल असं नाही. बॉशच्या हिरव्या, घरगुती मशिनांची १८ व्होल्टची बॅटरी आणि निळ्या, व्यावसायिक मशिनांची १८ व्होल्टची बॅटरी एकमेकांत बसत नाहीत. मकिताची १८ व्होल्टची एलएक्सटी आणि स्वस्त जी मालिका यांचंही तसंच आहे. म्हणून "माझ्याकडे या कंपनीची बॅटरी आहे" एवढ्यावर निर्णय घेऊ नका. मालिकेचं नाव जुळतंय का ते पाहा. उलट बाजूही आहे : काही कंपन्यांनी आपसात एकच बॅटरी वापरायचं ठरवलं आहे. मेटाबोच्या पुढाकाराने २०१८ मध्ये सुरू झालेला सीएएस गट हे त्याचं उदाहरण. अशा गटातली बॅटरी असेल तर पुढे निवडीला वाव राहतो आणि बांधून घेण्याची भीती थोडी कमी होते.

व्होल्टचा आकडाही नीट वाचायला हवा. लिथियम-आयन सेलचा सरासरी दाब साधारण ३.६ व्होल्ट धरतात. पाच सेल ओळीने जोडले की १८ व्होल्ट होतात. तेच पाच सेल पूर्ण चार्ज झाल्या झाल्या २० व्होल्टच्या आसपास दाखवतात, म्हणून काही बाजारांत त्याच बॅटरीवर "२० व्होल्ट मॅक्स" असं लिहितात. डीवॉल्टची मशिनं एका ठिकाणी १८ आणि दुसऱ्या ठिकाणी २० व्होल्ट म्हणून विकली जातात ती यामुळेच. १०.८ आणि "१२ व्होल्ट मॅक्स" यांचं नातंही तसंच, तिथे तीन सेल असतात. तेव्हा १८ पेक्षा २० मोठा म्हणून जास्त पैसे मोजू नका.

खरी तुलना वॉट-तासांत करायची. व्होल्टला एएचने, म्हणजे अँपिअर-तासांनी, गुणायचं. १८ व्होल्ट, २ एएचची बॅटरी ३६ वॉट-तासांची. १८ व्होल्ट, ५ एएचची ९० वॉट-तासांची. "दोन बॅटऱ्या" असं म्हणणाऱ्या दोन संचांत अडीच पटींचा फरक असू शकतो, आणि खोक्यावरच्या चित्रात तो कळतही नाही.

हा फरक फक्त मशीन किती वेळ चालतं एवढ्यापुरता नाही. १.५ किंवा २ एएचच्या बॅटरीत सहसा पाच सेलांची एकच रांग असते. ४, ५ एएचच्या बॅटरीत बहुधा दहा सेल, म्हणजे दोन रांगा जोडीने. आता ग्राइंडर जोर लावून ७०० वॉट खेचतोय असं धरा. १८ व्होल्टवर हा प्रवाह सुमारे ३९ अँपिअरचा होतो. एकच रांग असेल तर प्रत्येक सेलमधून पूर्ण ३९ अँपिअर वाहतात. दोन रांगा असतील तर प्रत्येकीच्या वाट्याला त्याच्या निम्मे येतात. पॉवर टूलसाठीचे चांगले सेलसुद्धा साधारण २० ते ३० अँपिअर सलग झेलण्यासाठी केलेले असतात. त्यामुळे छोटी बॅटरी तापते, तिचा दाब खाली येतो आणि आतलं संरक्षण मशीन बंद करतं. ती चालली तरी ३६ वॉट-तास ७०० वॉटला जेमतेम तीन मिनिटं पुरतात, ९० वॉट-तास साडेसात मिनिटांच्या आसपास. ड्रिल, इम्पॅक्ट ड्रायव्हर, जिगसॉ (अरुंद पात्याची, वळणदार काप घेणारी करवत) यांना २ एएच पुरते. हातात हलकी लागते म्हणून ड्रायव्हरवर मी मुद्दाम छोटीच लावतो. ग्राइंडर, सर्क्युलर सॉ (गोल ब्लेडची करवत), रेसिप्रोकेटिंग सॉ, ब्लोअर यांना ती पुरत नाही. संचात ही भुकेली मशिनं आहेत आणि बॅटऱ्या मात्र २ एएचच्या, असं दिसलं की मोठ्या बॅटरीची किंमत तिथल्या तिथे ऑफरमध्ये मिळवा. ती पुढे घ्यावीच लागणार आहे.

चार्जरही बघा. त्याच्या मागच्या पट्टीवर किती अँपिअरने तो बॅटरी भरतो ते लिहिलेलं असतं. २ अँपिअरचा चार्जर ५ एएचची बॅटरी भरायला अडीच तासांहून जास्त घेतो. दिवसभराचं काम असेल आणि बॅटऱ्या दोनच असतील तर हात बांधून बसावं लागतं.

आणि एक गोष्ट मनात पक्की ठेवा : बॅटरी न वापरताही म्हातारी होते. पाच वर्षांनंतर उपयोगी पडतील म्हणून आज चार बॅटऱ्यांचा संच घेणं म्हणजे नाशवंत माल साठवणं. वायरवालं मशीन पाच वर्षं कपाटात पडलं तरी प्लग लावला की चालतं.

पायरी ३ : खोकं कागदावर सुटं करा

आता संचातल्या प्रत्येक नगाचा मॉडेल क्रमांक शोधा. तो खोक्याच्या कडेला किंवा वर्णनाच्या शेवटी बारीक अक्षरांत असतो. संचाचा क्रमांक वेगळा आणि आतल्या मशिनांचे क्रमांक वेगळे. आपल्याला दुसरे हवेत. मशिनाच्या क्रमांकापुढची अक्षरं सोबत काय मिळतं ते सांगतात. मकिताच्या क्रमांकाच्या शेवटी "झेड" असेल तर नुसतं मशीन, बॅटरी-चार्जर नाही. मिलवॉकीच्या उत्तर अमेरिकेतल्या क्रमांकांत आडव्या रेघेनंतर "२०" म्हणजे नुसतं मशीन, "२२" म्हणजे दोन बॅटऱ्यांसह. ही शेपटी न बघता दोन दुकानांतल्या किमतींची तुलना केली की हमखास घोटाळा होतो.

क्रमांक हातात आला की ते मशीन त्या कंपनीच्या कितव्या पायरीचं आहे हे कळतं. संचात अनेकदा सगळ्यात खालच्या पायरीची मशिनं असतात, आणि मनातली तुलना मात्र आपण वरच्या पायरीच्या सुट्या मशिनाशी करत असतो. चार गोष्टी बघितल्या तरी पुरे.

मोटर ब्रशलेस आहे का? साध्या मोटरमध्ये कार्बन (मोटरला वीज पोहोचवणारे ब्रश) झिजतात आणि बदलावे लागतात. घर्षणात थोडी बॅटरीही वाया जाते. ब्रशलेसमध्ये कार्बनच नसतात आणि त्याच बॅटरीवर काम जास्त होतं. वर्षातून दहा भोकं पाडणाऱ्याला या फरकाचे जास्त पैसे मोजायची गरज नाही, रोज चालवणाऱ्याला आहे. ड्रिलचा चक, म्हणजे बिट पकडणारा जबडा, १० मिलिमीटरचा की १३ चा? टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, किती न्यूटन-मीटर? सर्क्युलर सॉचं ब्लेड किती व्यासाचं, कारण कापाची खोली त्यावर ठरते. इम्पॅक्ट ड्रायव्हरच्या बाबतीत एक वेगळीच अडचण येते : त्यात फक्त षटकोनी दांड्याची बिटं बसतात. घरी असलेली गोल दांड्याची ड्रिल बिटं त्यात बसणार नाहीत, तेव्हा "ड्रिलचंही काम याच्यावर भागवू" असा विचार असेल तर बिटांचा खर्च धरावा लागेल.

संचासाठीच खास बनवलेलं, सुटं कुठेच न मिळणारं मशीन असेल तर त्याच्या "मूळ किमतीला" काही अर्थ नाही. त्या किमतीला ते कोणी विकतच नाही. अशा वेळी त्याच पट्टीच्या, सुट्या मिळणाऱ्या जवळच्या मशिनाची किंमत धरा.

पायरी ४ : दोन वाटांची तुलना

इथे जरा थांबून सावकाश हिशेब करू. नुसत्या ड्रिलची, बॅटरीशिवायची, किंमत १०० धरली आहे. बाकीचे आकडे त्या मानाने मी गृहीत धरलेले आहेत. तुम्ही त्या जागी तुम्हाला दिसणाऱ्या किमती घाला. सगळ्या किमती एकाच दिवशीच्या असाव्यात.

संचात ड्रिल १००, इम्पॅक्ट ड्रायव्हर १००, सर्क्युलर सॉ १४०, टॉर्च ४०, २ एएचच्या दोन बॅटऱ्या प्रत्येकी ६० म्हणजे १२०, चार्जर ५०, पिशवी २०. सुट्यांची बेरीज ५७०. संच मिळतोय ४०० ला. सूट १७०, म्हणजे जवळपास ३० टक्के. जाहिरातीत हाच आकडा असतो आणि तो खोटा नाही.

आता तुमच्या यादीकडे या. समजा ड्रिल आणि ड्रायव्हर नेहमी लागणार, सॉ वर्षातून दोनदा, टॉर्च तुमच्याकडे आहे, पिशवी नको. पहिला नियम : जे एरवी घेतलंच नसतं त्याची किंमत शून्य. दुसरा नियम : जे क्वचित लागतं त्याची किंमत, ते काम भागवण्याच्या सगळ्यात स्वस्त मार्गाएवढीच. तुमच्याजवळ प्लग असेल आणि वायरवाली सॉ ९० ला मिळत असेल, तर संचातल्या सॉची किंमत १४० नव्हे, ९० धरायची. बेरीज झाली १०० + १०० + १२० + ५० + ९०, म्हणजे ४६०. संच ४०० ला. अजूनही फायद्याचा दिसतो, आणि बहुतेक जण इथेच थांबतात.

इथे थांबू नका. त्याच कंपनीचा एक पायरी लहान संच शोधा. तो जवळजवळ नेहमी असतो. समजा ड्रिल, ड्रायव्हर, त्याच दोन बॅटऱ्या आणि चार्जर २८० ला मिळतंय. म्हणजे मोठ्या संचात सूट देणारा भाग हाच आहे, आणि उरलेल्या १२० मध्ये तुम्ही सॉ, टॉर्च आणि पिशवी घेताय. तुमच्यासाठी या तिघांची मिळून किंमत ९०. वर ती सॉ २ एएचच्या बॅटरीवर धड चालणार नाही, म्हणून ११० ची ५ एएचची बॅटरी लागणार. पहिली वाट : ४०० + ११० = ५१०. दुसरी वाट : छोटा संच २८० आणि वायरवाली सॉ ९०, मिळून ३७०. कामं दोन्हीकडे तीच होतात आणि १४० चा फरक राहतो.

परिस्थिती बदलली की निकाल फिरतो. वीज नसलेल्या जागी काम असेल तर वायरवाली सॉ बाद. मग दुसरी वाट अशी : छोटा संच २८०, कॉर्डलेस सॉ सुटी १४०, मोठी बॅटरी ११०, एकूण ५३०. मोठा संच आणि बॅटरी ५१० ला पडतात, वर टॉर्च मिळते. इथे मोठा संच घ्यावा.

तुमच्याकडे त्याच मालिकेच्या बॅटऱ्या आणि चार्जर आधीच असतील तर पुन्हा वेगळं चित्र. तिन्ही मशिनं नुसती घेतली तर ३४०. संच ४०० ला. म्हणजे ६० मध्ये दोन बॅटऱ्या आणि दुसरा चार्जर. जुन्या बॅटऱ्या थकल्या असतील तर हा भाव छान आहे. त्या चांगल्या चालत असतील तर हेच ६० बाजूला ठेवून पुढे एक मोठी बॅटरी घेणं बरं.

एवढा हिशेब केल्यावर संचातल्या बॅटरीची दर वॉट-तासाची किंमतही काढून ठेवा. आपल्या उदाहरणात २ एएचची बॅटरी ६० ला, म्हणजे वॉट-तासाला सुमारे १.६७. ५ एएचची ११० ला, म्हणजे सुमारे १.२२. या आकड्याने वेगवेगळ्या कंपन्यांचे संच एका पातळीवर येतात. ५ एएचच्या दोन बॅटऱ्या, चार्जर आणि ड्रिल ३०० ला मिळत असेल, तर बॅटऱ्या आणि चार्जरचेच २७० होतात. ड्रिल ३० ला पडलं. नव्याने सुरुवात करणाऱ्याला चार-पाच मशिनांच्या संचापेक्षा असा एका मशिनाचा पण मोठ्या बॅटऱ्यांचा संच मला कितीतरी उजवा वाटतो. पुढची मशिनं गरज पडेल तशी नुसती घेता येतात.

पायरी ५ : ऑफरचा प्रकार ओळखा

"बॅटरी-चार्जरचा संच घ्या, एक मशीन मोफत" ही ऑफर अनेकदा खरोखर चांगली असते, कारण मोफत काय घ्यायचं ते आपण निवडतो आणि बॅटऱ्या बऱ्याचदा मोठ्या असतात. मोफत मशिनांच्या यादीत तुमच्या पहिल्या रकान्यातलं एखादं असेल तर पुढे जा. यादीतलं सगळ्यात महागडं पण गरज नसलेलं मशीन उचलण्याचा मोह होतो. त्याची तुमच्यापुरती किंमत शून्यच आहे. परत करण्याचा नियम आधी विचारा. काही ठिकाणी बिलात पैसे दोन्ही नगांवर वाटून लावलेले असतात, म्हणजे एखादी वस्तू परत केल्यावर तिच्या छापील किमतीएवढे पैसे मिळत नाहीत.

"मशीन घ्या, बॅटरी मोफत" यात बॅटरीचा एएच बघायचा. बाकी फार विचार करण्यासारखं काही नाही.

वायरवाल्या मशिनाबरोबर शंभर नगांचा बिट संच येतो, त्याचा हिशेब सोपा आहे. नग मोजू नका, वेगळे प्रकार मोजा. त्यात एकाच मापाची स्क्रूची बिटं अनेकदा असतात आणि रोज लागणारी तीन-चारच असतात. धातूला भोकं पाडायची तर एचएसएसची (हाय-स्पीड स्टीलची) बिटं हवीत, भिंतीसाठी टोकाला कार्बाइड बसवलेली. ती कोणत्या दर्जाची आहेत हे लिहिलेलंच नसेल तर तो संच शून्य किमतीचा समजा. रोजची चार बिटं चांगल्या प्रतीची वेगळी घेतलेली परवडतात. हलकं बिट स्क्रूचं डोकं खातं आणि मग तो स्क्रू काढण्यात अर्धा तास जातो.

उलट काही खर्च ऑफर दाखवत नाही. सर्क्युलर सॉबरोबर येणारं ब्लेड बहुधा कमी दातांचं, ओबडधोबड कापासाठी असतं. प्लायवूडचा काठ स्वच्छ हवा असेल तर जास्त दातांचं ब्लेड लागतं. जिगसॉच्या पात्या, ग्राइंडरच्या डिस्क, गॉगल, कानाचं संरक्षण, हे सगळं वर येतं. या वस्तू दोन्ही वाटांना लागणार असतील तर तुलनेत धरू नका. फक्त मोठ्या संचामुळेच लागणार असतील तर नक्की धरा.

वर्षातून एकदाच लागणारं मशीन भाड्याने मिळतं का, हे विचारून बघा. रोटरी हॅमर, टाइल कटर अशा मशिनांचं भाडं आणि किंमत यांचा मेळ घातला तर कितीदा वापरल्यावर विकत घेणं परवडतं ते लगेच दिसतं.

आणि "नको असलेली मशिनं विकून टाकू" या आशेवर संच घेत असाल तर सावध राहा. वॉरंटीचं बिल तुमच्या नावावर, खोकं नाही, बॅटरी नाही, असं नवं मशीनही दुसऱ्याला नव्याच्या भावात घ्यावंसं वाटत नाही. विकायचंच असेल तर मिळेल असा सगळ्यात कमी भाव हिशेबात धरा, आणि तो खरेदीआधी चौकशी करून ठरवा.

पायरी ६ : घाईच्या पाटीकडे पाठ करा

सूट किती, हे छापील किमतीवरून नाही तर मागच्या काही महिन्यांत ती वस्तू प्रत्यक्षात किती भावाला विकली गेली त्यावरून ठरतं. वहीत किंवा फोनमध्ये हव्या त्या दोन-तीन मॉडेल क्रमांकांचे भाव आठवड्यातून एकदा टिपून ठेवा. दोन-तीन महिन्यांत तुमच्या लक्षात येईल की "आजच शेवटचा दिवस" असलेली ऑफर नाव बदलून परत येते. काम अडलं नसेल तर थांबायला काहीच हरकत नाही.

अचानक फार मोठी सूट दिसली तर मॉडेल बंद होतंय का ते पाहा. मशीन बंद होत असेल आणि बॅटरी मालिका चालू राहणार असेल तर ती संधी आहे. बॅटरीची मालिकाच बंद होणार असेल तर कितीही स्वस्त असलं तरी घेऊ नका. दोन वर्षांनी बॅटरी मेली की सगळा संच अडगळीत जातो.

पायरी ७ : पैसे देण्याआधी आणि दिल्यावर

बिलावर प्रत्येक मशिनाचा मॉडेल क्रमांक लिहून घ्या, नुसतं "कॉम्बो" नको. बॅटरीची वॉरंटी मशिनापेक्षा कमी मुदतीची असू शकते, ती वेगळी विचारा. नोंदणी केल्यावरच मुदत वाढणार असेल तर ती किती दिवसांत करायची तेही विचारा. बॅटरीवर उत्पादनाची तारीख किंवा तिचा सांकेतिक क्रमांक असतो. खूप दिवस गोदामात पडलेली बॅटरी नव्याच्या किमतीत घेऊ नका.

घरी आल्यावर परत करण्याची मुदत संपायच्या आत सगळी मशिनं एकदा तरी खऱ्या कामावर चालवा, नुसतं हवेत फिरवून काही कळत नाही. ड्रिलच्या चकमध्ये सरळ बिट लावून ते हळू फिरवा. टोक गोल गोल डोलत असेल तर चक वाकडा आहे. दोन्ही बॅटऱ्या पूर्ण भरा, एकाच प्रकारच्या लाकडात एकाच मापाचे स्क्रू बसवत जा आणि प्रत्येक बॅटरी संपेपर्यंत किती बसले ते मोजा. दोन आकडे एकमेकांच्या जवळ यायला हवेत. एका बॅटरीने दुसरीपेक्षा फारच कमी स्क्रू बसवले तर ती पुन्हा भरून एकदा खात्री करा. फरक तसाच राहिला तर दोन्ही आकडे बिलामागे लिहा आणि मुदत आहे तोवर ती बदलून घ्या. नंतर महिनाभर मशीन लागणार नसेल तर बॅटऱ्या मशिनातून काढा आणि निम्म्याच्या आसपास चार्ज ठेवून, ऊन न लागणाऱ्या थंड, कोरड्या जागी ठेवून द्या.